मीही हसले, ताई

ताई, आमच्या भागातलं सार्वजनिक वाचनालय बंद करायचं घाटतंय. ते वाचवायला आम्ही पंधरा-वीस जण एकत्र आलोय. मी त्यांत सगळ्यांत लहान, २६ वर्षांची. मागच्या बैठकीत मी सुचवलं, की निवेदन द्यायला जाताना प्रत्येकानं आपल्या आवडत्या पुस्तकातल्या पात्राचा वेश करायचा आणि कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून तासभर वाचायचं. आमच्यातले एक ज्येष्ठ सर आहेत, तीस वर्षं चळवळीत काढलेले. ते म्हणाले, "हा थिल्लरपणा इथे नको. लोकांच्या हक्काचा प्रश्न आहे." बाकी कुणी काही बोललं नाही. चार दिवसांनी लोकप्रतिनिधींच्या सभेत मी उभी राहून वाचनालयाचं काय होणार ते विचारलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, तुम्ही तरुण मुलं स्टेटस सोडून दुसरं काही वाचता का?" सगळं सभागृह हसलं. मीही हसले, ताई, आणि खाली बसले. घरी येऊन रडले. आता वाटतं, सर म्हणतात तेच खरं. मीच थिल्लर आहे का?
— एक वाचक

प्रिय मुली,

तू हसलीस, तिथूनच सुरुवात करते. बाकीच्या पत्रापेक्षा तेच तुला जास्त टोचतंय.

हसू आपली परवानगी घेऊन येत नाही. सगळं सभागृह हसलं की आपलेही ओठ हलतात, काय घडलं हे मनाला कळायच्या आधीच. त्यात तू एकटी उभी होतीस, सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर होत्या. हसली नसतीस तर "हिला विनोदही कळत नाही" असं झालं असतं. तेव्हा त्या हसण्याबद्दल स्वतःला शिक्षा करणं आधी थांबव. त्या क्षणी तुझ्या प्रश्नाचं काय झालं, ते मात्र नीट बघ. तो सगळ्यांच्या समोर होता, उत्तराची वाट बघत होता. हशा पिकला आणि तो दिसेनासा झाला. कुणी तो फेटाळला नाही, कुणी टाळलाही नाही, निदान तसं कुणाला वाटलं नाही. ज्यांनी उत्तर द्यायचं ते मोकळे झाले आणि जिनं विचारलं ती खाली बसली.

आता तुझी सूचना घे. वीस माणसं चित्रविचित्र वेश करून सरकारी पायऱ्यांवर चुपचाप वाचत बसली आहेत. येणारा-जाणारा थबकणार आणि विचारणार, हे काय चाललंय? म्हणजे जो प्रश्न आज फक्त तुम्हा वीस जणांना पडलाय, तो रस्त्यावरच्या माणसाला पडणार. सभेतला विनोद प्रश्न गिळणारा होता, तुझी कल्पना प्रश्न उभा करणारी होती. दोन्ही हलक्याफुलक्या, म्हणून तुझ्या मनात दोन्ही एकाच खात्यात जमा झाल्या. तुझा सगळा गोंधळ तिथे आहे.

आपल्या भाषेनं ही खाती कधी एक केलेली नाहीत. गंमत, थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, एवढे शब्द आपण उगाच बाळगलेले नाहीत. थट्टेत दोघंही हसतात. टिंगलीत एक हसतो आणि दुसऱ्याला हसावं लागतं. सभेत झाली ती टिंगल. आणि 'थिल्लर' म्हणजे जुन्या मराठीत चक्क पाण्याचं डबकं. उथळ, साचलेलं, कुठेही न जाणारं. मला हा मूळ अर्थ फार उपयोगाचा वाटतो. एखादी गोष्ट रंगीत आहे, हसरी आहे, म्हणून ती थिल्लर होत नाही. ती कुठेच जात नसेल, तर होते. या मापानं मोजलं तर कपाळाला आठ्या घालून केलेली कितीतरी भाषणंसुद्धा डबकीच निघतील.

हा शब्द आजवर कुणाकुणाला चिकटवला गेला, तेही बघण्यासारखं आहे. बायकांना, तरुणांना, सजणाऱ्यांना, नाचणाऱ्यांना. १८१६ साली लंडनच्या 'द टाइम्स'नं वॉल्ट्झ या नाचाला असभ्य परदेशी नाच म्हणून झोडपलं होतं. पुढे तोच नाच दरबारी रीतीचा नमुना ठरला. आणि कादंबरी! अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपात कादंबरी वाचणारी मुलगी म्हणजे उथळ, वाया जाणारी मुलगी. ब्रिटनमध्ये १८५०च्या कायद्यानं लोकांच्या पैशांतून वाचनालयं काढायची सोय झाली. त्यानंतरच्या दशकांत तिथल्या ग्रंथपालांत एक वाद कित्येक वर्षं चालला, की करदात्यांच्या पैशांतून कादंबऱ्या घ्यायच्या तरी का? ज्ञानाची पुस्तकं ठीक, या करमणुकीच्या कशाला? लोक मात्र कादंबऱ्याच मागत राहिले. ज्या संस्थेसाठी तू भांडते आहेस, तिच्या कपाटांतली निम्मी पुस्तकं एके काळी तुझ्यासारखीच थिल्लर ठरवली गेली होती.

तरीही, तुझे सर चूक आणि तू बरोबर, असं मी लिहिणार नाही. तसं नाहीच आहे. त्यासाठी तुला दोन शहरांतल्या गोष्टी सांगते.

पहिलं शहर पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. १३ डिसेंबर १९८१ला पोलंडमध्ये लष्करी कायदा आला. 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना, जिचे जवळपास एक कोटी सभासद होते, बेकायदा ठरली. लोक रात्री भिंतींवर घोषणा लिहायचे, सरकारी माणसं सकाळी त्यांवर रंग फासायची. शहरभर भिंतींवर रंगाचे नुसते धब्बे झाले. १९८२मध्ये वाल्देमार फिद्रिख नावाच्या तरुणानं आणि त्याच्या मित्रांनी त्या धब्ब्यांवर टोपीवाले बुटके रंगवायला सुरुवात केली. परीकथेतले असतात ना, तसे. घोषणा नाही, मागणी नाही, नुसता बुटका. पण तो बघणाऱ्या प्रत्येकाला कळायचं, की त्याच्याखाली काहीतरी पुसलेलं आहे. जे झाकायचं होतं, त्याच्याकडेच तो बोट दाखवत होता. पुढे या मंडळींनी 'ऑरेंज ऑल्टर्नेटिव्ह' या नावानं रस्त्यांवर असले खेळ मांडले. १ जून १९८८ला हजारो माणसं नारिंगी टोप्या घालून शहरातून फिरली. पोलिसांची पंचाईत बघ. पकडावं, तर चौकशीत गंभीर चेहऱ्यानं विचारावं लागणार, की बुटक्यांच्या बेकायदा मेळाव्यात तू का गेला होतास? सोडून द्यावं, तर उद्या आणखी टोप्या. दोन्हीकडून हसं होणार ते त्यांचंच.

लोक तिथे का आले, ते फिद्रिखच्या हुशारीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. सात वर्षं धाक सोसून दमलेली माणसं होती ती. निषेधाचा फलक हातात घ्यायची छाती प्रत्येकाची नसते, पण टोपी कुणीही घालतं. आणि आपल्यासारखीच टोपी घातलेली हजार डोकी आजूबाजूला दिसली, की घरी बसून जी भीती एकट्याची वाटत होती, ती सगळ्यांची होती हे कळतं. भीतीची गंमत अशी, की ती वाटून घेतली की निम्मी होते. ही गोष्ट भाषणानं होत नाही. चळवळीत गंमतीचं पहिलं काम मला हेच वाटतं, माणसाला पहिलं पाऊल हलकं करून देणं.

दुसरं शहर अमेरिकेतलं नॅशव्हिल. साल १९६०. दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. विद्यार्थी तिथे जाऊन बसायला लागले. त्यांना दिलेली एक लेखी सूचनापत्रिका होती, आणि ती वाचली की माझा घसा दाटतो. मारलं तर उलट मारू नका. शिवी दिली तर शिवी देऊ नका. मोठ्यानं हसू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. मोठ्यानं हसू नका! ऐन विशीतली मुलं ती, त्यांच्यावर लोक ओरडत होते, अंगावर खाण्याचे पदार्थ ओतत होते, आणि त्यांनी ठरवलं होतं की हसायचंही नाही.

का? तर ज्या समाजात ते राहत होते, त्यानं शंभराहून अधिक वर्षं त्यांना हसण्याचाच विषय करून ठेवलं होतं. गोरे नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर काळ्या माणसाची नक्कल करायचे, आणि थिएटरं भरायची. ज्याला जन्मभर विदूषक म्हणूनच बघितलं गेलं, त्यानं इस्त्रीचे कपडे घालून, पुस्तक समोर ठेवून ताठ बसणं हाच बंडाचा सगळ्यांत धारदार प्रकार होता. त्यांचं गांभीर्य त्यांनी स्वतः कमावलेलं होतं, कुणी लादलेलं नव्हतं.

मग व्रोत्स्वाफ बरोबर की नॅशव्हिल? दोन्ही. समोरचा आपल्याला घाबरवतो तेव्हा हसणं कामाचं. समोरचा आपल्याला हसतो तेव्हा न हसणं कामाचं. (तुझ्या सभेत तुला हसत होते. तिथे नॅशव्हिल हवं होतं. पायऱ्यांवर कदाचित बुटके चालतील.) आणि हेही लक्षात ठेव, की व्रोत्स्वाफचे बुटके हवेत तरंगत नव्हते. त्यांच्यामागे लाखो कामगारांची संघटना होती, चोरून छापलेली वर्तमानपत्रं होती, तुरुंगात गेलेली माणसं होती. पोलंडमध्ये १९८९च्या ज्या निवडणुकांत 'सॉलिडॅरिटी' जिंकली, त्या नुसत्या टोप्यांनी झाल्या नसत्या.

तुझे सर कदाचित हेच सांगू बघत होते, पण त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला. मला ते माहीत आहे, कारण एकदा माझ्याही तोंडून पडला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संघटनेत होते. एका मुलीनं बैठकीत आमच्या मागण्यांचं विडंबनगीत म्हणून दाखवलं, चांगलं होतं ते, दोघं-तिघं टाळ्या द्यायला लागले, आणि मी म्हटलं, "आपण इथे टाइमपास करायला जमलो नाही." ती पुढच्या बैठकीला आली नाही. त्यानंतरच्याही नाही. मी त्या दिवशी कशाला घाबरले होते, ते आज सांगू शकते. इतकी वर्षं आम्हाला कुणी मोजलं नव्हतं. जरा कुठे वरिष्ठ आमचे अर्ज वाचू लागले होते. ते पुन्हा हसतील, ही भीती होती. मी गांभीर्य राखत होते असं मला वाटलं, प्रत्यक्षात अब्रू राखत होते. त्या मुलीची माफी मागायची राहिली. तुझं पत्र वाचताना सतत तिचा चेहरा समोर येत होता.

आता दुसरी बाजू. गंमतीला मी नुसती गोड म्हणून सोडणार नाही, कारण सत्ताही ती वापरते, आणि हल्ली फार सराईतपणे वापरते. जुना हुकूमशहा विनोदाला घाबरायचा. नाझी राजवटीनं २० डिसेंबर १९३४ला कायदाच केला, ज्याखाली सरकारविरुद्धच्या कुजक्या शेऱ्यांबद्दल माणसाला शिक्षा होई. तरी लोक चोरून विनोद सांगतच होते, जर्मन भाषेत त्यांना 'कुजबुजते विनोद' असंच नाव आहे. पण ते विनोद सांगून माणसं मोकळी झाली आणि सकाळी कामावर गेली. ती राजवट कोसळली ती युद्धात. हसणं कधी वाफेसारखं असतं, दाब निघून जातो आणि भांडं जागेवर राहतं. हे मान्य केल्याशिवाय विनोदाच्या ताकदीबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

आजचा पुढारी विनोदाला घाबरत नाही. तो स्वतःच आधी करून टाकतो. २०१२च्या ऑलिंपिकच्या वेळी लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन तारेवरून घसरत जाण्याच्या एका खेळात मध्येच अडकले आणि दोन्ही हातांत झेंडे घेऊन लोंबकळत राहिले. दुसऱ्या एखाद्या नेत्याची त्या छायाचित्रानं कायमची नामुष्की झाली असती. त्यांचं काही बिघडलं नाही, २०१९मध्ये ते पंतप्रधान झाले. ज्यानं विदूषकाची टोपी स्वतःच घातली आहे, त्याची टोपी उडवता येत नाही. अशा माणसाची कितीही खिल्ली उडव, ती त्याच्याच कामी येते. त्याला अडचणीत आणतो तो साधा, कोरडा, पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न.

विनोदी माणूस सत्तेत गेला की वाईटच होतं, असंही नाही. आइसलँडमध्ये योन ग्नार नावाच्या विनोदी नटानं 'बेस्ट पार्टी' काढली. पोहण्याच्या तलावांवर फुकट टॉवेल देऊ, प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल आणू, आणि दिलेली वचनं मोडू, असं उघड सांगितलं. २०१०मध्ये राजधानी रेक्याविकच्या नगरपरिषदेत १५ पैकी ६ जागा मिळाल्या आणि तो महापौर झाला. देश तेव्हा बँका बुडाल्याच्या धक्क्यात होता. शहराची वीज आणि गरम पाणी पुरवणारी कंपनी कर्जात रुतलेली होती. हसवून निवडून आलेल्या माणसांनी दर वाढवले, नोकऱ्या कमी केल्या, शिव्या खाल्ल्या, पण कंपनी सावरली. २०१४पर्यंत काम करून तो बाजूला झाला. हसवणारा उत्तर द्यायला थांबला, एवढं एक त्याच्याकडून घेण्यासारखं आहे.

याउलट, १९५९मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात लोकांनी नगरपरिषदेच्या निवडणुकीत काकारेको नावाच्या गेंड्याला सुमारे एक लाख मतं दिली. संताप खरा होता, पण मतं बाद झाली आणि निवडून आलेल्यांनी परिषद चालवली. लाखभर माणसांचा राग होता, पण दुसऱ्या दिवशी तो घेऊन जाणारं कुणी नव्हतं. मला ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात तेव्हा फार वाईट वाटतं.

तेव्हा आता तू काय करायचंस.

सरांना बैठकीबाहेर, एकटं भेट. "मी थिल्लर नाही" हे सिद्ध करायला जाऊ नकोस. त्यांना विचार, "आपण वेश करून गेलो तर कोण हसेल असं तुम्हाला वाटतं? आणि त्याचा त्रास कुणाला होईल?" ते जे सांगतील ते मनापासून ऐक. त्या वाचनालयात रोज येणारी काही मुलं अशी असतील, ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही. काही म्हातारी माणसं असतील, ज्यांच्याशी दिवसभरात तिथेच कुणीतरी दोन शब्द बोलतं. त्यांचं दुःख तुमच्या रंगीत कपड्यांखाली झाकलं जाईल, अशी भीती सरांना असेल तर ती बरोबर आहे. मग त्या माणसांनाच विचारा. ज्यांचं नुकसान होणार आहे, त्यांना वेश करून बसायला आवडलं तर तो खेळ त्यांचा होतो. त्यांना नको असेल तर कल्पना कितीही सुंदर असली तरी सोडून दे.

वेश करायचे ठरले, तर तुमच्यातल्या एकानं साध्या कपड्यांत असावं. सरांनाच ते काम दे. त्यांच्या हातात निवेदन, वाचनालयाचे सभासद किती, वर्षाचा खर्च किती, निर्णय कुणी कोणत्या बैठकीत घेतला, हे सगळं एका कागदावर. लोक गंमत बघायला थांबतील, तेव्हा त्यांच्याशी बोलायला तीस वर्षं चळवळीत काढलेला माणूस तिथे असू दे. मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत. त्यांनाही कुणीतरी जवळ येऊन विचारायला हवं असेल.

आणि पुढची सभा. ते पुन्हा विनोद करतील, पहिल्यांदा चालला म्हणजे दुसऱ्यांदा करणारच. हसू आलं तर हस. पण बसू नकोस. हशा ओसरेपर्यंत तशीच उभी राहा, तो ओसरतोच, आणि मग तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचार. आवाज चढवू नकोस, टोमणा मारू नकोस, त्यांच्या विनोदाचा उल्लेखही करू नकोस. "वाचनालय बंद करायचा निर्णय कुणी आणि केव्हा घेतला?" एवढंच. आरशासमोर दहा वेळा म्हणून जा. शक्य झालं तर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीला बसव, म्हणजे तुझ्यानंतर तिनंही तोच प्रश्न विचारायचा.

अजून एक, जे तू विचारलं नाहीस. आतापर्यंत मी गंमत कशाच्या उपयोगाची आहे हेच सांगत बसले, आणि त्यात एक अन्याय होतोय. नाचणं, नटणं, निरर्थक गाणं रचणं, दोन तास पोट दुखेपर्यंत हसणं, यांना कुठल्याही चळवळीचं प्रमाणपत्र लागत नाही. ती वाचनालयातली म्हातारी माणसं ज्या कादंबऱ्या नेतात, त्या वाचून कुठलाही कायदा बदलत नाही. त्यांची दुपार बरी जाते. आपण ज्या जगासाठी भांडतो, त्यात माणसांना अशा दुपारी मिळाव्यात म्हणूनच भांडतो ना? सरांशी बोलताना हेही बोल. माझ्या वयाच्या चळवळीतल्या माणसांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणि तू कोणत्या पुस्तकातलं पात्र होऊन जाणार होतीस, ते लिहायचं राहून गेलं. कळव. मी वाट बघते.

तुझी,
ताई